विश्लेषण : ज्या मैदानावर जखमी झाले, त्याच मैदानावर मुख्य प्रशिक्षक! कोण आहेत डेमेको रायन्स?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएलमध्ये खेळाडूची कारकीर्द फार मोठी नसते. शरीर साथ सोडतं आणि ऐन तिशीत ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. डेमेको रायन्स यांच्यासमोर हा प्रश्न ३१व्या वर्षीच आला. दोन्ही पायांना गंभीर दुखापत झालेली, संघाने करारमुक्त केलेलं. त्यानंतर सात वर्षांत ते ह्यूस्टन टेक्सन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून त्यांची सुरुवात याच संघातून झाली होती. हे कसं घडलं? उत्तराचा मोठा भाग ते ज्या जागेवर खेळायचे, त्या जागेत दडलेला आहे.

लाइनबॅकर म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो, त्यांना ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. त्यांना अडवणाऱ्या संघाचे ढोबळमानाने तीन थर असतात. सर्वांत पुढे धिप्पाड खेळाडूंची भिंत, सर्वांत मागे लांबचे पास रोखणारे चपळ खेळाडू आणि या दोघांच्या मधोमध लाइनबॅकर.

त्याचं काम दुहेरी असतं. समोरचा चेंडू घेऊन धावणार की पास देणार, हे त्याला क्षणात ओळखावं लागतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या पावलांवरून बचावपटू अंदाज बांधतो, तसंच काहीसं. दुसरं काम बोलण्याचं. २००८पासून बचाव करणाऱ्या संघातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर बसवण्याची परवानगी आहे. त्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो. प्रशिक्षकाची सूचना फक्त त्यालाच ऐकू येते आणि उरलेल्या दहा जणांपर्यंत ती त्यानेच पोहोचवायची असते. खेळ सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की हा आवाजही बंद होतो. त्यानंतर समोरच्यांनी रचना बदलली, तर निर्णय त्याचाच. बहुतेक संघांत ही जबाबदारी मधल्या लाइनबॅकरवर असते. थोडक्यात, तो मैदानात उतरलेला प्रशिक्षकच असतो.

खेळाडू म्हणून कारकीर्द कशी होती?

रायन्स यांचा जन्म १९८४चा, अलाबामा राज्यातील बेसेमरचा. अलाबामा विद्यापीठाकडून खेळल्यानंतर २००६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, टेक्सन्सनी त्यांना दुसऱ्या फेरीत ३३व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात त्यांनी दीडशेहून अधिक टॅकल केले आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा असोसिएटेड प्रेसचा पुरस्कार मिळवला. २००७ आणि २००९मध्ये प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठीही त्यांची निवड झाली. संघात त्यांचं नावच ‘कॅप’, म्हणजे कॅप्टन, पडलं होतं.

२०१०च्या हंगामात मात्र त्यांचं अकिलीस टेंडन तुटलं. पोटरीला टाचेशी जोडणारा हा जाड स्नायूबंध. धावणं, उडी मारणं, झटकन दिशा बदलणं या सगळ्याचा भार त्यावर असतो. पुढच्या वर्षी ते परतले, पण तोवर संघाने बचावाची रचना बदलली होती. नव्या रचनेत ज्या चालींवर पासची शक्यता जास्त, तेव्हा त्यांना बाहेर बसावं लागे. २०१२मध्ये टेक्सन्सनी त्यांना फिलाडेल्फिया ईगल्सकडे पाठवलं. तिथे सहकाऱ्यांनी त्यांना ‘मुफासा’ हे नाव दिलं. होय, ‘लायन किंग’मधला तोच राजा!

नोव्हेंबर २०१४मध्ये ईगल्सचा संघ ह्यूस्टनला खेळायला आला आणि टेक्सन्सच्याच मैदानावर रायन्स यांच्या दुसऱ्या पायाचं अकिलीस तुटलं. त्या स्टेडियममध्ये तेव्हा ट्रेमध्ये वाढवलेल्या गवताचे तुकडे जोडून मैदान तयार केलं जाई. २०१५मध्ये तिथे कृत्रिम पृष्ठभाग आला. रायन्स आणखी एक हंगाम खेळले आणि २०१६च्या सुरुवातीला ईगल्सनी त्यांना मुक्त केलं. त्याच वर्षी मैदानाच्या अवस्थेमुळेच दुखापत झाल्याचा आरोप करत त्यांनी न्यायालयात दावा दाखल केला. प्रतिवादींमध्ये टेक्सन्सचंही नाव होतं.

प्रशिक्षणात सुरुवात कुठून केली?

अगदी खालच्या पायरीवरून. २०१७मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे मुख्य प्रशिक्षक काइल शानाहान यांनी त्यांना ‘क्वालिटी कंट्रोल’ प्रशिक्षक म्हणून घेतलं. शानाहान पूर्वी टेक्सन्समध्ये सहायक होते, त्यामुळे जुनी ओळख होती. नाव भारदस्त असलं तरी हे काम पडद्यामागचं. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ तासन् तास पाहायचे, प्रत्येक चालीची नोंद करायची आणि वरिष्ठांसाठी तक्ते तयार ठेवायचे. प्रो बोल खेळलेल्या माणसाने हे काम स्वीकारलं, ही त्यांच्या दुसऱ्या डावातली महत्त्वाची गोष्ट.

२०१८मध्ये ते लाइनबॅकरचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत निवडलेला फ्रेड वॉर्नर त्यांच्या हाताखाली आला आणि पुढे लीगमधील अव्वल लाइनबॅकरमध्ये गणला जाऊ लागला. २०२१मध्ये रायन्स यांच्याकडे संपूर्ण बचावाची सूत्रं आली. २०२२च्या हंगामात फोर्टीनाइनर्सनी ३२ संघांत सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड दिले. रायन्स वर्षातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षक ठरले.

टेक्सन्सनी त्यांना परत का बोलावलं?

कारण संघ गाळात रुतला होता. २०२१मध्ये डेव्हिड कली आणि २०२२मध्ये लव्ही स्मिथ अशा दोन मुख्य प्रशिक्षकांना एकेका हंगामानंतर घरी पाठवण्यात आलं. दोघेही कृष्णवर्णीय. मुख्य प्रशिक्षकपदासाठी अल्पसंख्याक उमेदवारांच्या मुलाखती घेण्याची सक्ती करणारा ‘रूनी नियम’ एनएफएलमध्ये २००३पासून आहे. पण मुलाखत मिळणं वेगळं आणि संघ उभा करायला वेळ मिळणं वेगळं, ही टीका या हकालपट्ट्यांनंतर तीव्र झाली.

जानेवारी २०२३च्या अखेरीस टेक्सन्सनी रायन्स यांच्याशी सहा वर्षांचा करार केला. आधीच्या दोघांना जे मिळालं नाही, ते त्यांना मिळालं : वेळ.

मग बदललं काय?

आधीच्या हंगामात ३ विजय, १३ पराभव आणि १ बरोबरी अशी अवस्था असलेल्या संघाने रायन्स यांच्या पहिल्याच वर्षी १० सामने जिंकले आणि आपला विभागही जिंकला. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड आणि तिसऱ्या क्रमांकावर बचावपटू विल अँडरसन यांना घेतलं होतं. हंगामाअखेर आक्रमण आणि बचाव या दोन्ही गटांतील सर्वोत्तम नवोदितांचे पुरस्कार याच दोघांना मिळाले. अँडरसनही अलाबामा विद्यापीठाचाच. १७ वर्षांपूर्वी रायन्स यांनी याच संघाकडून जिंकलेला पुरस्कार आता त्यांच्या शिष्याकडे आला.

रायन्स यांचा मंत्र आहे ‘स्वॉर्म’. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसं ११ जणांनी चेंडूवर तुटून पडायचं. एकाचा टॅकल चुकला तर दुसरा तिथे हजर हवा.

पुढचं आव्हान काय?

२०२४मध्ये संघाने पुन्हा १० विजयांसह विभाग जिंकला. २०२५मध्ये पहिले तिन्ही सामने गमावूनही १२ विजय मिळवले, त्यातले शेवटचे ९ सलग. प्लेऑफमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सवर ३०-६ अशी मात केली. प्लेऑफमध्ये परक्या मैदानावर टेक्सन्सचा हा पहिलाच विजय.

पुढच्या फेरीत मात्र न्यू इंग्लंड पॅट्रियट्सनी त्यांना २८-१६ असं हरवलं. पॅट्रियट्सचे प्रशिक्षक माइक व्रेबल हेही एकेकाळचे लाइनबॅकर आणि टेक्सन्सचे माजी सहायक. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी सूत्रं हलवणारे जुने लाइनबॅकरच होते.

तीन वर्षं, तीन वेळा प्लेऑफ आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच सामन्यात पराभव. २००२पासून खेळणारे टेक्सन्स आजवर एकदाही कॉन्फरन्स फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीचा उपांत्य टप्पा, गाठू शकलेले नाहीत. बचाव तयार आहे, अडतंय ते आक्रमणात. पॅट्रियट्सविरुद्ध स्ट्राउडचे चार पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. आयुष्यभर समोरच्याचं आक्रमण ओळखून ते मोडून काढलेल्या रायन्स यांना आता स्वतःचं आक्रमण उभं करून दाखवायचं आहे.