आधी पैसे, मग पुस्तक!

पुस्तक घ्यायचं म्हटलं की आपला अंगठा आपोआप कुठल्या ॲपकडे वळतो, हे सांगायला नकोच. डिस्काउंट सही, डिलिव्हरी उद्या सकाळी. मीही काही वेगळी नाही. पण मंडळी, या सगळ्यात लेखकाच्या हातात काय पडतं, ते कधी बघितलंय?

किंडलचंच घ्या. स्वतःचं ई-पुस्तक स्वतः तिथे टाकणाऱ्या लेखकाला ७० टक्के रॉयल्टी, असं आपण ऐकतो. मेख पुढे आहे. भारतातल्या विक्रीवर ते ७० टक्के हवे असतील, तर ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच विकायचं नाही, स्वतःच्या वेबसाइटवरसुद्धा नाही! विकलंत, तर थेट ३५ टक्के. दुकान त्यांचं, अटीही त्यांच्याच.

जानेवारी २०१० मध्ये ई-पुस्तकांच्या किमतींवरून ॲमेझॉन आणि मॅकमिलन या बड्या प्रकाशनसंस्थेचं वाजलं. ॲमेझॉनने काय केलं? मॅकमिलनच्या पुस्तकांची ‘खरेदी करा’ ही बटणंच काही दिवस काढून टाकली. भांडण दोन कंपन्यांचं, उपाशी लेखक! ब्रँडन सँडरसन हा फँटसी लेखक याच संस्थेच्या ‘टोर’तर्फे पुस्तकं काढायचा.

मार्च २०२२ मध्ये याच सँडरसनने धमाल केली. लॉकडाउनमध्ये गुपचूप लिहिलेल्या चार कादंबऱ्या त्याने किकस्टार्टरवर ठेवल्या आणि वाचकांना म्हणाला, आधी पैसे द्या, मग छापतो. महिन्याभरात १० लाख डॉलर हवे होते. जमले ४ कोटी १७ लाख, तेही १,८५,३४१ जणांकडून! किकस्टार्टरचा फंडा सोपा आहे : ठरवलेली रक्कम जमली तरच तुमच्या कार्डावरून पैसे कापले जातात, आणि किकस्टार्टर स्वतः ५ टक्के ठेवतं. पेमेंटचा खर्च वेगळा.

तुम्ही म्हणाल, तो स्टार आहे, त्याला काय! मान्य. पण हा प्रकार आपल्याला नवा वाटावा, याचंच मला हसू येतं. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हे शब्द आपल्या आजोबांना चांगलेच ठाऊक होते. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, ते कुणा धनिकाच्या भरवशावर नव्हे. त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार मिळवायला गावोगाव फिरले. कसलं ॲप आणि कसलं काय!

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये २०११ साली ‘अनबाउंड’ सुरू झालं. वाचकांनी आगाऊ पैसे भरायचे, पुस्तकात त्यांची नावं छापून यायची. त्यांनी काढलेली पॉल किंग्जनॉर्थची ‘द वेक’ २०१४ मध्ये बुकरच्या लाँगलिस्टवर गेली. आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी डबघाईला आली. लेखकांची देणी थकली, पैसे भरलेले वाचक पुस्तकाची वाट बघत बसले. म्हणजे मधला माणूस गोड बोलणारा असला, तरी तो मधलाच.

म्हणून मी आता दोनच गोष्टी बघते. एक, पैसे जातात कुणाकडे? थेट लेखकाकडे किंवा छोट्या प्रकाशकाकडे जात असतील तर उत्तम. दुसरं, पुस्तक लिहून झालंय का? सँडरसनच्या चारही कादंबऱ्या लिहून तयार होत्या, हे विसरू नका. ‘लिहितोय, तुम्ही पैसे द्या’ म्हणणाऱ्याला मी चहा पाजते, पैसे देत नाही. आणि भरलेली रक्कम गेली तर गेली, एवढ्याच बेताची ठेवते. साधारण एका मल्टिप्लेक्सच्या तिकिटाएवढी, पॉपकॉर्न सोडून.

गेल्या वर्षी असं एक मराठी पुस्तक मी बुक केलं होतं. ठरल्यापेक्षा सात महिने उशिरा आलं. आतल्या पानावर शाईच्या पेनाने माझं नाव होतं, तेही ऱ्हस्व-दीर्घ चुकवून.