सड्यावरील भेक

घांटमाथ्यावर ज्याच्या वांट्यास सड्याचा तुकडा आला आहे, तो शेतकरी त्यास बहुधा निरुपयोगी समजतो. जांभ्याचा उघडा कातळ, वर चार बोटें माती. दप्तरीं नोंद पोटखराब. परंतु सावंतवाडी तालुक्यांतील आंबोलीचे सडे एका प्राण्याचें बाळंतघर आहेत, व त्यास आंबोली परिसराबाहेर दुसरें घर नाहीं म्हटलें तरी चालेल.

हा प्राणी म्हणजे एक भेक, अर्थात् खरखरीत कातडीचा, बहुतेक काळ पाण्याबाहेर राहणारा बेडूक. लांबी दीड इंचाच्या आंतबाहेर; तपकिरी अंगाच्या दोन्ही बाजूंस पिवळेधमक तुटक पट्टे. त्यावरूनच शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं त्यास ‘झॅन्थोफ्राइन टायग्रिना’, म्हणजे वाघाच्या पट्ट्यांचा पिवळा भेक, असें नांव दिलें. त्याचा जवळचा भाऊबंद एकच, कोयनेचा भेक. त्याचें वर्णन १९६३ सालीं झालें होतें.

पावसाळा नसतां हा दगडांखालीं व कपारींत दडून असतो. मृगाच्या सरी कोसळल्या कीं नर सड्यावर येऊन ओरडूं लागतात. कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी सांचतें, त्यांतच मादी अंडीं घालते. इतर भेकांच्या अंड्यांची माळ असते, येथें पुंजका. आंबोलीस वर्षाकाठीं अडीचशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, मग हा ओढ्यास कां जात नाहीं, असें कोणीहि विचारील. ओढ्यांत मासे आहेत, आणि पुराचा लोंढा अंडीं टिकूं देत नाहीं. खळग्यांत हीं भयें नाहींत. भय तें उघडिपीचें. पावसानें दडी मारली कीं खळगा सुकतो व पिलें मरतात.

कातळ फोडून, बाहेरची माती भरून कलमें लावण्याची रीत कोंकणांत आतां सर्वत्र दिसते, चिरेखाणी आहेतच. बागाइतीस आमचा विरोध नाहीं. परंतु बुजविलेला खळगा पुन्हां होत नाहीं, आणि जागतिक निसर्गसंरक्षण संघानें हा भेक अतिसंकटग्रस्त ठरविला आहे तो त्याच्या इवल्याशा मुलखामुळेंच. आंबोलीकडील जमीनदारांनीं निदान पाणी धरणारा कातळ मोकळा सोडावा व गडग्यासाठीं सगळेच सुटे दगड उचलूं नयेत. सड्यावरचें पाणी जांभ्यांतून मुरून खालच्या झऱ्यांस मिळतें, हा लाभ तर आपलाच आहे.

पहिल्या पावसाच्या रात्रीं आंबोलीच्या रस्त्यानें गाडी हांकणारांनीं दिव्याच्या उजेडांत वाळल्या पानासारखें कांहीं हललेलें दिसल्यास वेग आवरावा. त्याच दिवसांत सहलीची गर्दी सुरू होते, आणि मोटारींखालीं हे भेक चिरडले जातात.