दहा राग आणि डिस्कोचा ठेका

शाळा लहान असो की मोठी, तिथं एक पेटी असतेच. प्रार्थनेला, पंधरा ऑगस्टला, स्नेहसंमेलनाला तिच्यावाचून गुरुजींचं पान हलत नाही. या पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आकाशवाणीवर १९४० सालापासून बंदी होती आणि १९७० नंतरच ती हळूहळू सैल झाली, असं सांगितलं तर पुष्कळांना ते खरं वाटत नाही. आमच्या विलेपार्ल्याचे पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते आणि पेटी तर ते फार गोड वाजवत. ज्या घरी नोकरी त्याच घरी पेटी वर्ज्य, अशी ती गंमत होती!

बंदीमागचं कारण मात्र गमतीचं नव्हतं. पेटीचा सूर ठोकळ्यासारखा जागच्या जागी बसलेला असतो. गवई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला आपण मींड म्हणतो. ती पेटीत निघत नाही. शिवाय हल्लीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार आणि पेटीचा शुद्ध गांधार यांत दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा सुमारे सातवा हिस्सा फरक पडतो. ऐकायला तो थोडका, पण तयार कानाला खड्यासारखा टोचतो.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की १९८२ साली मुंबईत एका वादकानं पेटीच्याही चार पावलं पुढं जाऊन विजेच्या यंत्रांवर दहा राग वाजवले आणि त्यांना डिस्कोचा ठेका लावला. तबला नाही, तंबोरा नाही, सारंगी तर नाहीच. त्याचं नाव चरणजित सिंग. ध्वनिमुद्रिकेचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती एच.एम.व्ही.च्या छापानं निघाली.

चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी गिटार आणि बेस गिटार वाजवली. पडद्यावर नटाचं नाव येतं, गायकाचं येतं, संगीत दिग्दर्शकाचं तर ठळक येतं. मागं पन्नास-साठ माणसं बसून वाजवतात, त्यांची नावं कुणी लिहीत नाही. अशांपैकी ते एक. त्याखेरीज लग्नसमारंभांतही त्यांचा वाद्यवृंद वाजे, आणि चित्रपटगीतांच्या चालींच्या तबकड्याही त्यांनी काढल्या होत्या.

त्या काळची हवा लक्षात घेतली पाहिजे. १९८० साली ‘कुर्बानी’ आला आणि नाझिया हसनच्या गाण्यानं डिस्को घरोघर पोचलं. १९८२ च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’ आला. सिनेमात जिकडेतिकडे तोच धडधडाट. चरणजित सिंगांनी विचार केला, की हा ठेका घ्यायचाच तर त्यावर सिनेमाची चाल न वाजवता राग वाजवून पाहू.

यंत्रं तीन होती, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. पहिलं टी.आर. ८०८, हे ठेक्याचं यंत्र. यात ढोल-झांजांचा आवाज भरून ठेवलेला नसतो. विजेच्या मंडलातून तो तिथल्या तिथं तयार होतो, म्हणून खऱ्या ढोलासारखा मुळीच लागत नाही. दुसरं टी.बी. ३०३. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला खर्जाचे सूर मिळावेत म्हणून ते काढलं होतं. सोळा घरं असतात, घरागणिक एक सूर भरायचा आणि कळ दाबायची. मग यंत्र ती सुरावट न थकता पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. तिसरं ज्युपिटर ८, एकावेळी आठ सूर देणारा मोठा सिंथेसायझर. रागाचा विस्तार हातानं वाजवायचा तो यावर. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारी ‘मिडी’ नावाची सर्वमान्य पद्धत १९८३ मध्ये आली. त्याआधी ही यंत्रं तारेनं जोडून एका लयीत चालवणं ही खटपटीचीच गोष्ट होती.

आता खरा प्रश्न. याला राग म्हणायचं का?

शिक्षकमंडळींना एक प्रयोग सुचवतो. पेटीवर सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर वाजवा. हा झाला भूप. पण हेच पाच स्वर देशकाराचेही आहेत! भूपात गांधारावर वजन असतं आणि चाल सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमते. देशकारात धैवत मुख्य आणि ओढ तार षड्जाकडे. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. म्हणजे स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे. कुठं थांबायचं, कुठून वळायचं, कशाला नुसता स्पर्श करायचा, यात राग असतो. सोळा घरांच्या यंत्रात यादी भरता येते. चलन भरायला वाजवणाऱ्याला ते ठाऊक असावं लागतं.

या तबकडीवरचे दहा राग असे : भैरव, ललत, भूपाली, तोडी आणि मधुवंती हे पहिल्या बाजूला, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी दुसऱ्या बाजूला. कलावती, मालकंस, बैरागी हे पाच स्वरांचे राग. त्यांत वाट सरळ, वळणं मोजकी, आणि तिथं यंत्र बरंच निभावून नेतं. भैरवाचं तसं नाही. त्याचे कोमल ऋषभ आणि धैवत झुलते हवेत, आणि तोडीचा गांधार तर पेटीच्या पट्टीपेक्षाही उतरता. इथं माझ्या कानाला उणीव जाणवते. ललतात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात, त्यामुळं हा राग यंत्रावर विचित्र लागतो खरा, पण ओळखू येतो. आणि एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे : टी.बी. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. पेटीला जी मींड जमत नाही, तिची नक्कल का होईना, या चिमुकल्या यंत्राला थोडीशी जमते.

जे खरोखर हरवतं ते तालाचं. आपल्या त्रितालात सोळा मात्रा, त्यात सम, त्यात काल. गवई फिरून समेवर आला की श्रोत्यांची मान हलते. डिस्कोत प्रत्येक ठोका सारखाच ठाम. सगळीकडेच सम असली, तर परत यायचं कुठं? एक-एक राग जेमतेम पाच मिनिटांचा, आलाप नाममात्र. तेव्हा याला मैफलीच्या मापानं मोजू नये. लोहाराच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं ते होईल, आणि उलटंही.

तबकडी बाजारात चालली नाही. नाचणाऱ्यांना राग नको होते, रागवाल्यांना नाच नको होता. हळूहळू ती विसरली गेली.

पुढं गंमत झाली ती सातासमुद्रापलीकडं. टी.बी. ३०३ हे यंत्रही बाजारात पडलंच होतं. १९८४ साली कंपनीनं त्याचं उत्पादन थांबवलं आणि जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली. अमेरिकेत शिकागो शहरातल्या काही तरुणांनी असंच एक यंत्र घेऊन, त्याची बटणं उलटसुलट फिरवून, कण्हणारा-किंचाळणारा एक नवा आवाज काढला. फ्यूचर या त्यांच्या मंडळाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ साली निघाली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नृत्यसंगीत युरोपभर पसरलं. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंगांची जुनी तबकडी सापडली. ती वाजवून पाहतो, तर तोच आवाज, आणि साल पाच वर्षं आधीचं! पुढं मुंबईत त्यानं चरणजित सिंगांचा शोध घेतला आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या छापावर ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा तिकडच्या पुष्कळ जाणकारांना ही कुणीतरी आत्ता बनवून जुनी म्हणून खपवलेली थट्टा वाटली. माणूस समोर उभा राहिल्यावर संशय फिटला.

यावरून आपल्याकडं कुणीकुणी छाती फुगवून सांगतात, की अ‍ॅसिड हाउस भारतानं शोधलं. ते बरोबर नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती असं दाखवणारं काही नाही, आणि चरणजित सिंगांना त्या प्रकाराचं नावही ठाऊक असायचं कारण नव्हतं. एकाच नांगरानं दोन गावांत दोन वेगळी पिकं निघाली, इतकंच.

पुनर्मुद्रणाबद्दल थोडं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आरामात मावतात. इथं पाच राग, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या आसपास. खर्जाच्या आवाजाला खोबण रुंद लागते; मजकूर जास्त असला, की खोबणी दाटीवाटीनं कापाव्या लागतात आणि आवाज, विशेषतः खर्ज, दबतो. ज्या संगीताचा सगळा जोर खर्जावर, त्याचंच हे नुकसान. अशा वेळी पुन्हा काढणारे तोच मजकूर दोन तबकड्यांवर मोकळा पसरतात, किंवा सी.डी.वर घेतात, तिथं खोबणीचा प्रश्नच नाही. एच.एम.व्ही.च्या मूळ प्रतीला संग्राहक आता मोठी किंमत मोजतात. त्यातला पैसा वाजवणाऱ्याकडं जात नाही, हे निराळं सांगायला नको. परंतु पुनर्मुद्रणामुळं सत्तरी गाठलेल्या चरणजित सिंगांना युरोपातून बोलावणी आली आणि त्यांनी हेच राग तिकडच्या तरुणांपुढं वाजवले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

ही तबकडी आता इंटरनेटवरही ऐकायला मिळते. वर्गात मुलांना ऐकवायची झाली, तर आधी एखाद्या चांगल्या गायकाचा मालकंस ऐकवा, मग हा. रागाचं नाव सांगू नका. ओळखतात का, ते पाहा.