घोड्याची मालिश व पट्टी

माथेरानच्या डोंगरवाटांवर प्रवासी व सामान वाहणाऱ्या घोड्यावर अनेक कुटुंबांची उपजीविका अवलंबून असते. चढउताराच्या श्रमाने घोड्याची मान, पाठ व पुठ्ठे आखडतात. काम संपल्यावर खोगीर उतरवून घोड्यास थंड होऊ द्यावे, खरारा करावा व नंतर तळहाताने केसांच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटे मालिश करावी. घोड्याने मान खाली सोडून ओठ सैल केला, म्हणजे हात योग्य पडत आहे असे समजावे. कान मागे पाडून तो अंग चोरू लागल्यास दाब कमी करावा.

माणसांसाठी जपानमध्ये निघालेली लवचिक चिकटपट्टी आता घोड्यांसही लावतात. परंतु तिच्या गुणाविषयीचा शास्त्रीय पुरावा अद्याप तोकडा आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल भाग जवळजवळ नसतो. कातडीलगतच कंडरा असतात. तेथे कापडी पट्टी आवळून बांधल्यास त्यांस इजा होते. म्हणून आधी कापसाचा सारखा थर द्यावा.

घोडा लंगडत असेल किंवा पाय गरम व सुजलेला असेल, तर मालिशीवर विसंबून त्यास कामास जुंपू नये. श्रमानंतर पुठ्ठे दगडासारखे कठीण होऊन लघवी काळपट-तांबडी झाल्यास त्यास मुळीच चालवू नये. तात्काळ पशुवैद्यास बोलवावे. दुखणे दडवून मिळविलेले एका दिवसाचे भाडे घोड्याच्या जिवावर बेतू शकते.