हरवलेलें बटण

किल्ल्यांचा जुडगा वर्षानुवर्षें ज्या खुंटीवर असतो, ती खुंटीच एके सकाळीं भिंतीवरून नाहींशी झाली, तर मनुष्य प्रथम किल्ल्या शोधीत नाहीं. तो भिंतीकडे पाहत उभा राहतो. २६ ऑक्टोबर २०१२ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ८ ही कार्यप्रणाली बाजारांत आली, तेव्हां ती घेणारांची अवस्था अशीच झाली.

१९९५ सालच्या विंडोज ९५ पासून पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यांत ‘स्टार्ट’ हें बटण असे. पत्रलेखन असो, हिशेब असो, प्रत्येक कामाचा आरंभ तेथून होई. इतकेंच नव्हे, तर यंत्र बंद करण्याची वाटही या ‘स्टार्ट’मधूनच जाई! या विसंगतीची थट्टा पुष्कळ झाली, पण सतरा वर्षांत हात तिला सरावले होते. नव्या रचनेंत तें बटण काढून टाकण्यांत आलें आणि सबंध पडदा व्यापणारे रंगीबेरंगी चौकोन पुढें आले.

हा बदल निव्वळ लहरीखातर झाला नव्हता. २०१० सालीं ॲपलचा आयपॅड निघाला होता आणि बोटाच्या स्पर्शानें चालणाऱ्या, पाटीसारख्या यंत्रांकडे लोकांचा ओढा वाढला होता. मेजावरचा संगणक व हातांतली पाटी यांना एकच रूप द्यावें, हा कंपनीचा बेत होता. परंतु बोटाला मोठा चौकोन लागतो, तर माऊसच्या बाणाला बारीकसा शब्दही पुरतो. पडद्याच्या कडेवरून बोट आंत ओढणें सहज जमतें. बाण मात्र उजव्या कोपऱ्यांत नेऊन थांबवावा लागे, मग एक पट्टी दिसे, तींत ‘सेटिंग्ज’, त्यांत ‘पॉवर’ आणि त्याच्या पोटांत ‘शट डाउन’. त्या कोपऱ्यांत कांहीं दडलें आहे, याची खूण पडद्यावर कोठेंच नव्हती.

लोकांना बदल नकोच असतो, असें समर्थन अशा वेळीं ऐकूं येतें. तें अर्धेंच खरें आहे. जागा बदलल्याचा त्रास कांहीं आठवड्यांत ओसरतो. जी वस्तु दिसतच नाहीं, तिची संवय मात्र लागणार कशी? दिवसभराचें काम संपवून यंत्र बंद करतां न येणें, हा कारकुनाचा हट्टीपणा खास नव्हे.

ज्यांचा हात कळफलकावर बसलेला होता, त्यांना हा फेरफार कमी जाचला. विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून हव्या त्या कामाच्या नांवाचीं पहिलीं अक्षरें लिहिलीं कीं तें समोर येई. तीच कळ ‘डी’ या अक्षरासह दाबली कीं जुना परिचित पडदा परत मिळे. कित्येकांनीं ‘क्लासिक शेल’सारखी बाहेरची योजना बसवून जुनी यादीच पुन्हा मांडून घेतली.

ऑक्टोबर २०१३ मध्यें विंडोज ८.१ बरोबर बटण परतलें खरें, पण दाबल्यावर दिसत तेच चौकोन! जुन्या धर्तीची यादी, कांहीं चौकोन पोटांत घेऊन, २९ जुलै २०१५ रोजीं विंडोज १० मध्यें आली. पुढें २०२१ सालीं विंडोज ११ मध्यें बटण कोपरा सोडून खालच्या पट्टीच्या मध्यावर सरकलें. डाव्या कोपऱ्याला सरावलेल्यांसाठीं तें पुन्हा तेथें नेण्याची सोय मात्र या खेपेस ‘सेटिंग्ज’मध्यें ठेवलेली होती.