पुढच्या चाकाचा प्रश्न : टेलिस्कोपिक फोर्कच्या पर्यायांचा मागोवा

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला वळायचे असते, रस्त्यातले धक्के सोसायचे असतात आणि ब्रेक लागताच गाडीचा बहुतेक भारही पेलायचा असतो. ही तिन्ही कामे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून बहुसंख्य गाड्यांत एकाच जुळणीकडे सोपवलेली आहेत. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या जोडीने बनलेली ही जुळणी म्हणजे टेलिस्कोपिक फोर्क, ज्याला गॅरेजात नुसते ‘पुढचे शॉकअप’ म्हणतात. ती स्वस्त, हलकी आणि दिसायला सुटसुटीत असली तरी तिच्यात एक मूलभूत अडचण आहे, आणि ती दूर करण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आजतागायत एकामागून एक कल्पक माणसे आपापल्या कार्यशाळेत खपत आली आहेत. त्यांच्या गाड्या बहुधा थोड्याच निघाल्या, विचित्र ठरल्या आणि बाजारातून लवकर गेल्या; तरीही त्यांच्यामागचा यांत्रिक विचार खोटा ठरला असे म्हणता येत नाही. जे पर्याय टिकले ते सर्वांत तर्कशुद्ध होते म्हणून टिकले नाहीत. चालकाच्या हातांना ओळखीची असलेली जाणीव त्यांनी मोडली नाही, म्हणून टिकले.

अडचण समजण्यासाठी दोन संज्ञा लक्षात घ्याव्या लागतात. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो त्या कोनाला रेक म्हणतात; तोच अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो टायर जिथे टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो, आणि या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. साधारण दहा सेंटिमीटरच्या आसपास असलेले हे अंतर गाडीला सरळ धावण्याची ओढ देते. टेलिस्कोपिक फोर्कमध्ये ब्रेक दाबला की नळ्या आत जातात, गाडी पुढून दबते, रेक आणि ट्रेल दोन्ही घटतात, म्हणजे वळणाच्या तोंडाशी, नेमक्या ज्या क्षणी स्थैर्य हवे त्याच क्षणी, गाडीची भूमिती बदलते. शिवाय ब्रेकचा जोर चाकापासून स्टिअरिंगच्या डोक्यापर्यंतच्या लांब तरफेतून सांगाड्यावर येतो, नळ्या किंचित वाकतात, त्यामुळे बुशमध्ये अडकतात, आणि धक्का झेलण्यासाठी असलेली स्प्रिंग ऐन गरजेच्या वेळी नीट काम करू शकत नाही. दबण्यासाठी राखून ठेवलेली चाल ब्रेकनेच खाल्ली, तर पुढच्या खड्ड्यासाठी फारसे काही उरत नाही.

हा फोर्क आरंभापासून सर्वमान्य होता असेही नाही. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सरकत्या नळ्यांचा फोर्क वापरला, पण त्या काळातली प्रचलित रचना गर्डर फोर्कची होती. तिच्यात चाक धरणारी ताठ चौकट चार आखूड दुव्यांनी सांगाड्याला जोडलेली असते आणि स्प्रिंग वर, स्टिअरिंगपाशी बसते. डेन्मार्कच्या निंबस कंपनीने १९३४ मध्ये टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला आणि १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीवर त्याला तेलाच्या साह्याने दमन देण्याची सोय केली. दमन म्हणजे दबलेली स्प्रिंग उसळून वरखाली होत राहू नये यासाठीचा रोध. दुसऱ्या महायुद्धानंतर हाच फोर्क जवळजवळ सर्वत्र पसरला.

परंतु त्याच्या या विजयापूर्वीच काहींनी प्रश्नच वेगळा मांडला होता. कार्ल नेराकर या अमेरिकी अभियंत्याने चाक फोर्कमध्ये धरण्याऐवजी वळण्याचा अक्ष चाकाच्या मध्यभागी, हबमध्येच बसवला. या रचनेला हब-सेंटर स्टिअरिंग म्हणतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बनलेली त्याची ‘नेर-अ-कार’ बुटकी, दाबलेल्या पत्र्याच्या चॅसीची आणि रोजच्या कपड्यांत चालवता येईल अशी होती, आणि १९२२ मध्ये ‘कॅननबॉल’ बेकर याने ती न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत चालवत नेली. हजारोंच्या संख्येने विकली गेलेली ही गाडी पुढे अभ्यासकांच्या आदरास पात्र ठरली, पण तिचे अनुकरण फारसे झाले नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज रॉय याने याच दशकाच्या अखेरीस ‘माजेस्तिक’ घडवली. तिची चॅसी मोटारीच्या धर्तीची होती आणि पुढचे चाक उभ्या दांड्यांवर सरकत असे. इंग्लंडच्या ओईसीने ‘ड्युप्लेक्स’ स्टिअरिंगने गाडी इतकी सरळमार्गी केली की तिला वळवायला जोर लागे. प्रत्येकाने उत्तर वेगळे दिले, आणि स्थैर्य व चपळता एकमेकींच्या विरोधात कशा उभ्या राहतात ते याच काळात स्पष्ट झाले.

युद्धोत्तर काळात टेलिस्कोपिकशी स्पर्धा केली ती आखूड किंवा लांब आर्मच्या रचनांनी. अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा फोर्क म्हणजे चाकाच्या मागून पुढे येणारा, चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा लांब आर्म. असा आर्म चाकाच्या मागून पुढे येत असल्यामुळे ब्रेक लागताच गाडी पुढून दबण्याऐवजी किंचित उचलली जाते, म्हणून साइडकार जोडणाऱ्यांना तो विशेष सोयीचा वाटला. बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ या काळात आपल्या गाड्यांना तोच वापरला. शर्यतीतही मोटो गुझ्झीने जुलिओ चेझारे कारकानो यांच्या आठ सिलिंडरच्या विलक्षण गाडीपर्यंत अशाच मागून पुढे येणाऱ्या, पण आखूड दुव्यांवर विश्वास ठेवला.

भारतीय आणि विशेषतः महाराष्ट्रातील वाचकाला या रचना अपरिचित नाहीत, फक्त त्यांकडे ‘पर्याय’ म्हणून कोणी पाहिले नाही. पोलंडच्या एसएचएल गाडीवर आधारलेल्या आणि फरिदाबादला बनणाऱ्या सुरुवातीच्या राजदूतला असाच मागून पुढे येणारा आर्म होता. विमान-अभियंता कोर्रादिनो दास्कानियो यांनी १९४६ मध्ये व्हेस्पासाठी आखलेली एका बाजूची, मागे ओढला जाणारा आर्म असलेली जुळणी पुण्याजवळच्या आकुर्डीत १९७२ पासून बनलेल्या बजाज चेतकमधून घराघरांत पोहोचली. चाक एकाच बाजूने धरलेले असल्यामुळे स्टेपनी बदलणे सोपे होते, पण मागे ओढल्या जाणाऱ्या आर्मचा स्वभाव अर्ल्सच्या उलट असतो, आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की चेतकचे पुढचे अंग झपकन खाली का जाई याचे कारण तिथेच आहे. होंडाच्या ॲक्टिव्हाने अनेक वर्षे आखूड दुव्यांची जुळणी वापरली आणि २०२० च्या सहाव्या पिढीत टेलिस्कोपिक स्वीकारला. कोट्यवधींच्या वापरातील वाहनांनी अशी माघार घेतली हे त्या फोर्कच्या स्वस्ताईचे आणि परिपक्वतेचे मोठे प्रमाण आहे.

हब-सेंटरचा धागा मात्र हौशी आणि एकट्याने काम करणाऱ्या कारागिरांनी जिवंत ठेवला. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात जॅक डिफाझिओ यांनी चालू गाड्यांना अशी स्टिअरिंगे बसवून दिली आणि त्यांचे तंत्र सत्तरच्या दशकात मीड ॲण्ड टॉमकिन्सन यांच्या ‘नेसी’ या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीच्या गाडीत दिसले. फ्रान्समध्ये आंद्रे द कोर्तांझ या रेनोच्या अभियंत्याने एल्फ या तेल कंपनीच्या पाठबळावर १९७८ मध्ये यामाहाचे इंजिन घेऊन ‘एल्फ एक्स’ उभारली. तिच्यात वेगळी चौकटच नव्हती. इंजिन हाच सांगाडा, आणि दोन्ही चाके त्याला आर्मने जोडलेली. पुढे होंडाच्या इंजिनांवर बनलेल्या तिच्या वंशजांपैकी एल्फ ३ वर रॉन हॅसलॅम १९८६ मध्ये ५०० सीसीच्या जागतिक स्पर्धेत धावला, आणि १९८८ नंतर प्रकल्प थांबला. पुढच्या चाकाबाबत तो हरला असला तरी मागच्या चाकाचा त्याचा एकतर्फी आर्म होंडाने उचलला आणि आरसी ३० सारख्या गाड्यांवरून तो जगात गेला.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे बिमोटाची ‘तेझी’. हे इटालियन नाव विद्यापीठीय प्रबंधासाठीचे आहे आणि ते अक्षरशः खरे आहे : पिएर्लुइजी मार्कोनी याने बोलोन्या विद्यापीठात शिकताना ही कल्पना मांडली, १९८० च्या दशकाच्या आरंभी रिमिनीच्या बिमोटा कार्यशाळेत तिचे नमुने बनू लागले आणि डुकाटीच्या इंजिनाची ‘तेझी १डी’ १९९० च्या सुमारास विक्रीस आली. रचना जवळून पाहिली की तिचे सौंदर्य आणि तिची किंमत दोन्ही एकदम लक्षात येतात. इंजिनातून पुढे आलेले दोन वक्र आर्म चाकाला बाहेरून कवेत घेतात. अक्षाचा दांडा आर्ममध्ये स्थिर असतो, त्याच्या मध्यभागी उभी पिन असते आणि त्या पिनेभोवती फिरणाऱ्या हबवर मोठ्या व्यासाच्या बेअरिंगांवर चाक धावते. हँडलचा चाकाशी थेट संबंध राहत नाही. तरफा आणि दांड्यांची साखळी तो संबंध जोडते. पहिल्या नमुन्यांत हे काम तेलाच्या दाबाने करून पाहण्यात आले, पण पुढे यांत्रिक दांडेच स्वीकारले गेले.

तात्त्विक दृष्ट्या याचे फायदे निःसंशय आहेत. ब्रेकचा जोर आर्मवाटे सरळ इंजिनात जातो, पुढून दबणे आखणीकाराला हवे तितके ठेवता येते, भूमिती जवळपास स्थिर राहते. पण चाक वळण्यासाठी आर्मना बाहेरून वळसा घ्यावा लागतो, त्यामुळे हँडल थोडेच फिरते आणि गल्लीत गाडी वळवताना घाम फुटतो. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई आली तरी साखळीच्या शेवटी ती हाताला संदिग्ध वाटते. भाग जास्त, वजन जास्त, दुरुस्तीसाठी तज्ज्ञ हवा. याहून कठीण गोष्ट अनुभवाची आहे. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्याने पुढून किती दबले यावरून ब्रेक किती लागला हे ओळखायला शिकलेले असते, आणि दबणेच नाहीसे केले की त्याला माहिती हरवल्यासारखी वाटते. हा आक्षेप पूर्वग्रहाचा म्हणून झटकता येत नाही, कारण वेगाने चालणाऱ्या गाडीत जाणीव हीच सुरक्षिततेची पहिली पायरी असते.

यामाहाने १९९३ मध्ये जेम्स पार्कर या अमेरिकी अभियंत्याच्या रचनेवर जीटीएस १००० काढली, तेव्हा एका बड्या कंपनीने पहिल्यांदा असा पर्याय रस्त्यावरच्या मोठ्या गाडीत पूर्ण ताकदीने उतरवला. एका बाजूचा आर्म, चाकात एकच मोठी डिस्क आणि सहा पिस्टनांचा कॅलिपर अशी तिची मांडणी भक्कम होती. पण गाडी जड आणि महाग पडली, अमेरिकेत दोनच वर्षे विकली गेली, आणि ज्यांनी ती चालवली त्यांची निष्ठा तेवढी उरली.

या सर्वांपेक्षा वेगळा आणि अधिक सुज्ञ मार्ग नॉर्मन हॉसॅक यांनी धरला. मॅक्लारेन या मोटारशर्यत संघात काम केलेल्या या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस होंडाच्या एका सिलिंडरच्या इंजिनावर पहिली गाडी बांधली, आणि मोटारींच्या चाकाला वरखाली नेणारे दोन विशबोन, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे आडवे आर्म, मोटारसायकलला बसवले. चाक एका ताठ उभ्या फोर्कमध्ये राहते, फोर्क विशबोनच्या टोकांच्या बॉल-जॉइंटवर वळतो, आणि हँडलपासून फोर्कपर्यंत कात्रीसारखा घडी पडणारा दुवा केवळ वळवण्याचे काम करतो. धक्का, ब्रेक आणि वळण ही कामे वेगळी झाली, तरी वळण्याचा अक्ष हाताच्या जवळ, नेहमीच्याच जागी राहिला. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात जॉन ब्रिटन यांनी घरच्या घरी कार्बन फायबरमधून घडवलेल्या व्ही १००० ला याच जातीचे पुढचे अंग होते. १९९२ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत तिने कारखान्यांच्या गाड्यांसमोर जो वेग दाखवला तो आजही अभ्यासला जातो. ब्रिटन १९९५ मध्ये अकाली गेले, आणि त्यांच्या दहाच गाड्या बनल्या. एका माणसाच्या हातून उतरलेली ती निर्मिती या संपूर्ण इतिहासातली सर्वांत परिपूर्ण म्हणावी लागेल.

बीएमडब्ल्यूने या दिशेची दोन पावले व्यवहारात आणली. १९९३ च्या आर ११०० आरएसवरील टेलिलिव्हरमध्ये नळ्या फक्त मार्गदर्शन करतात आणि इंजिनातून आलेला त्रिकोणी आर्म ब्रेकचा भार घेतो. या रचनेचे मूळ इंग्लंडमधील निगेल हिल यांच्या सॅक्सन-मोटॉड फोर्कमध्ये होते. २००४ च्या के १२०० एसवरील ड्युओलिव्हर तर हॉसॅकचीच कल्पना आहे, आणि त्यांच्या पेटंटची मुदत तोवर संपून गेली होती. कल्पकाला मोबदल्याशिवाय उरलेली ही मान्यता कोणत्याही न्यायबुद्धीच्या वाचकाला खटकावी अशी आहे.

दरम्यान टेलिस्कोपिक फोर्कही थांबला नव्हता. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी ब्रेकच्या दाबाने दमन वाढवून पुढून दबणे रोखणाऱ्या झडपा बसवल्या, म्हणजे दोष त्यांनीच कबूल केला. त्या झडपा गेल्या, पण उलटे बसवलेले जाड नळ्यांचे फोर्क आणि सुधारलेली दमनयंत्रणा आली, आणि टायर व ब्रेक इतके त्याच्याशी जुळवून बनले की दुसरी रचना आणणाऱ्याला साऱ्या गाडीची जुळवणी नव्याने शोधावी लागते. या साचलेल्या अनुभवाशी एकट्या कारागिराला सामना देता येत नाही. म्हणून कस्टम गाड्यांच्या जगात अशा रचना बहुधा शोभेसाठी उरल्या : हार्ली-डेव्हिडसनने १९८८ मध्ये आपला जुना स्प्रिंगर फोर्क पुन्हा आणला तो रूपासाठी, तर बिमोटातून फुटून निघालेल्या व्हायरसने हब-सेंटर संग्राह्य वस्तू म्हणून जपले.

२०१९ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात कावासाकीच्या साह्याने बिमोटाने ‘तेझी एच२’ मांडली, सुपरचार्जरच्या इंजिनासह. आणि २०१८ च्या होंडा गोल्ड विंगमध्ये दुहेरी विशबोन आला तो कोणत्याही प्रयोगाची जाहिरात न करता : चाक जवळपास उभ्या रेषेत वरखाली होते, त्यामुळे पुढच्या चाकामागची जागा वाचते, इंजिन आणि चालक दोघेही पुढे सरकतात, आणि रस्त्याचा थरकाप दुव्यांत जिरून हँडलपर्यंत कमी पोहोचतो. जड प्रवासी गाडीला हे लाभ पैशांच्या मोलाचे वाटले, आणि हॉसॅकने चाळीस वर्षांपूर्वी एका लहानशा कार्यशाळेत केलेली विभागणी तिथे सामान्य माणसाच्या खरेदीच्या यादीत जाऊन बसली.