एक तालुका, किती माणसं!

दापोली म्हटलं की लोकांना मासळी आणि मुरुडचा किनारा आठवतो. (हे जंजिऱ्याचं मुरुड नव्हे, दर वेळी सांगावं लागतं!) मला आठवतो इथल्या माणसांचा हिशेब.

याच मुरुडचे धोंडो केशव कर्वे. जन्म आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, पण घर इथलं. परीक्षेसाठी हा पोरगा मित्रांसोबत पावसापाण्यात घाट चढून पायी साताऱ्याला गेला. तिथे साहेबांनी बघितलं, म्हणाले, सतरा वर्षांचा दिसत नाहीस! आणि बसूच दिलं नाही. आल्या पावली परत. पुढे याच माणसाने १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं आणि शंभरीत, १९५८ साली, भारतरत्न झाला.

मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. आंजर्ल्याला कासवं बघायला जाणारे मुर्डीच्या इतक्या जवळून जातात, पण गाडी थांबवत कोणी नाही.

पालगडचे साने गुरुजी तर तुम्हाला ठाऊकच आहेत.

पां. वा. काणे जन्माने चिपळूणकडचे, पण शाळा दापोलीचीच, म्हणून मी त्यांना आमच्यातच धरतो. चिपळूणकरांनी खुशाल भांडावं! धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड, सहा हजारांवर पानं, आणि १९६३ साली भारतरत्न.

टिळकांचं मूळ गाव चिखलगावही याच तालुक्यात. जन्म मात्र रत्नागिरीचा, तेवढं सोडून देऊ.